टीव्ही-मोबाइलच्या काचेमागच्या शीट : खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

टीव्ही बंद पडला की ग्राहक पॅनलची किंमत विचारतो, बोर्डाची विचारतो. काचेमागच्या पातळ प्लॅस्टिक शीटबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि पुष्कळ कारागीरही पॅनल उचलताना या शीट भिंतीला टेकवून ठेवतात. चित्र पॅनल तयार करतं हे खरं. पण ते तुमच्या डोळ्यापर्यंत उजळ पोहोचतं ते या शीटच्या जिवावर. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणारे ग्राहक आणि दुरुस्ती शिकणारी पोरं जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

पॅनल उचललं की खाली काय काय निघतं?

मागून पुढे येऊ. सगळ्यात मागे पत्र्याचा ट्रे. त्यावर पांढरीशुभ्र रिफ्लेक्टर शीट आणि तिच्या भोकांतून वर डोकावणाऱ्या एलईडी पट्ट्यांच्या लेन्स. त्यावर साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीची, उजेड पसरवणारी दुधाळ डिफ्यूझर प्लेट. मग पातळ शीटचा गठ्ठा येतो. त्यात एखादी डिफ्यूझर शीट, एक किंवा दोन प्रिझम शीट, आणि वरच्या दर्जाच्या टीव्हीत सर्वांत वर रिफ्लेक्टिव्ह पोलरायझर असतो. त्यानंतर पॅनल, ज्याच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही काचांवर एकेक पोलरायझर चिकटवलेला असतो.

लॅपटॉप आणि अगदी बारीक टीव्हीत मागे पट्ट्या नसतात. तिथे एलईडी कडेला असतात आणि अ‍ॅक्रिलिकची एक जाड पाटी त्यांचा उजेड सगळीकडे नेते. त्या पाटीवर बारीक ठिपके असतात. एलईडीजवळ ते विरळ किंवा लहान आणि लांब गेल्यावर दाट किंवा मोठे, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा बाहेर पडतो. ठिपक्यांवर ओरखडा उठला तर पडद्यावर त्या जागी उजेडाची रेघ दिसते.

एवढे थर कशाला? एलईडीच जास्त लावले तर?

एलईडी टीव्हीची दुरुस्ती ज्याला समजून घ्यायची आहे त्याने आधी उजेडाचा हिशेब समजून घ्यावा. एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही, मागून आलेला अडवतं किंवा सोडतं. मागचा पोलरायझर एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देतो, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्तच उजेड तिथेच जिरतो. मग लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या जाळ्या येतात. लाल जाळी हिरवा-निळा खाते, हिरवी लाल-निळा, त्यामुळे उरलेल्यातला जवळपास दोन तृतीयांश तिथे जातो. पिक्सेलमधल्या तारा आणि ट्रान्झिस्टर आणखी थोडी जागा अडवतात. साध्या पॅनलमधून मागच्या १०० भागांपैकी ५ ते १० भागच बाहेर येतात.

ही तूट एलईडी वाढवून भरायची म्हटलं तर वीज वाढते आणि उष्णताही वाढते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात उष्णतेसारखा टीव्हीचा दुसरा वैरी नाही. म्हणून जो उजेड भलतीकडे जातो किंवा जिरणार असतो तो वळवून परत कामाला लावायचा, ही शीटमागची सगळी विद्या आहे.

प्रिझम शीट म्हणजे नेमकं काय? ती तर साधी कचकड्याची पारदर्शक शीट वाटते.

हातात घेऊन बघा. एका बाजूवरून नख फिरवलं की घसरतं, दुसऱ्या बाजूवरून फिरवलं की बारीक करकर लागते. त्या बाजूला एकाला एक लागून हजारो त्रिकोणी उंचवटे असतात. त्यांचा माथ्याचा कोन सहसा ९० अंश आणि दोन माथ्यांतलं अंतर बऱ्याच शीटमध्ये ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. आता त्यातून छताच्या ट्यूबकडे बघा. सरळ समोर काळसर दिसेल आणि ट्यूबच्या दोन प्रतिमा दोन बाजूंना सरकलेल्या दिसतील.

डिफ्यूझरमधून उजेड चहूकडे पसरतो. छताकडे आणि भिंतीकडे जाणारा उजेड तुमच्या उपयोगाचा नाही. तिरकस आलेल्या किरणाला प्रिझम वळवून समोरच्या दिशेला आणतं. अगदी सरळ आलेला किरण मात्र त्रिकोणाच्या दोन्ही उतारांवर आपटून मागे फिरतो. तो वाया जात नाही, रिफ्लेक्टर आणि डिफ्यूझरवरून विखरून पुन्हा वर येतो आणि या खेपेला योग्य कोन मिळाला की बाहेर पडतो. एका शीटने समोरून दिसणारा उजेड साधारण दीडपट होतो. दुसरी शीट पहिलीशी काटकोनात, म्हणजे एकीच्या रेघा आडव्या आणि दुसरीच्या उभ्या ठेवल्या की तो दुपटीच्या आसपास जातो. त्या बदल्यात बाजूने बघणाऱ्याला थोडं मंद दिसतं. घरात एका ओळीत दहा माणसं बसून क्रिकेट बघत असतील तर कडेच्या माणसाला हा फरक जाणवतो.

रिफ्लेक्टिव्ह पोलरायझर ओळखायचा कसा आणि तो काय करतो?

ही शीट वरून चांदीसारखी, किंचित आरशासारखी दिसते. मोबाइलचा पडदा पांढरा करून समोर धरा आणि शीट त्याच्यापुढे फिरवत जा. एका स्थितीत मोबाइलचा उजेड आरपार येईल, पाव वळसा दिला की शीट आरसा होऊन उजेड अडवेल. साधी डिफ्यूझर शीट असं करत नाही.

साधा पोलरायझर नको त्या दिशेचा प्रकाश खाऊन टाकतो. हा त्याच प्रकाशाला मागे परतवतो. परतलेला प्रकाश डिफ्यूझरमध्ये आणि मागच्या पांढऱ्या रिफ्लेक्टरवर विखुरताना त्याची कंपनाची दिशा मिसळून जाते. पुन्हा वर आला की त्यातला निम्मा पास होतो, उरलेला परत खाली. अशा फेऱ्या होत होत जो उजेड पॅनलच्या मागच्या पोलरायझरमध्ये नुसता गरम होऊन संपला असता, त्यातला बराचसा चित्रात येतो. कागदावर फायदा दुप्पट निघतो. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीत थोडी गळती होते, तरी दीडपटीच्या आसपास मिळतो.

मला या सगळ्या गठ्ठ्यात हीच शीट सर्वांत थोर वाटते. तिच्या एका पापुद्र्यात शेकडो थर असतात. दोन प्रकारचं प्लॅस्टिक आलटून पालटून लावलेलं, आणि प्रत्येक थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरला आणि प्लॅस्टिकचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) १.६ धरला तर एक थर ८६ नॅनोमीटरचा येतो. पावसाळ्यात स्टँडवरच्या डबक्यावर सांडलेल्या डिझेलचे रंग दिसतात ते अशाच पातळ थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे. इथे ती गोष्ट शेकडो वेळा आणि मापात केलेली असते. एका दिशेत शेजारच्या दोन थरांचे अपवर्तनांक सारखे असतात, म्हणून त्या दिशेच्या प्रकाशाला थर जाणवतच नाहीत. दुसऱ्या दिशेत ते वेगळे असतात, म्हणून प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा प्रकाश परततो आणि त्याची बेरीज आरशाइतकी होते. थ्रीएम या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी २००० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे तत्त्व मांडलं. याच पद्धतीने दोन्ही दिशांचा प्रकाश परतवणारी शीट केली की धातूचा कणही नसलेला आरसा तयार होतो. ९८ टक्क्यांहून जास्त उजेड परतवणारी ही रिफ्लेक्टर शीट मोबाइल आणि लॅपटॉपच्या बॅकलाइटमध्ये, म्हणजे पॅनलमागून उजेड देणाऱ्या भागात, तळाला असते.

शेकडो थर एकावर एक चिकटवतात तरी कसे?

चिकटवत नाहीत. जळगावच्या एमआयडीसीत पाइप किंवा चटईच्या कारखान्यात ज्यांनी एक्सट्रूडर चालवला आहे, त्यांना हे लवकर कळेल. दोन वेगळी प्लॅस्टिकं वितळवून एकाच डायमधून, म्हणजे साच्याच्या फटीतून, थराथराने बाहेर काढतात. केळी-पपईच्या शेतात अंथरतात तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपरही असाच एकाहून जास्त थर एकत्र ओढून होतो. ऑप्टिकल फिल्ममध्ये थर शेकडोंनी असतात. शिवाय थंड झालेली फिल्म पुन्हा गरम करून कित्येक पट ताणतात. ताणल्यावर थर पातळ होऊन नॅनोमीटरमध्ये येतात आणि एका प्लॅस्टिकचे रेणू ताणाच्या दिशेत रांगेत लागतात, त्यामुळेच त्या दिशेतला अपवर्तनांक बदलतो. मशीनची ओळख आपल्या भागात आहे. अवघड आहे ती त्या मापाची आणि तिथल्या स्वच्छतेची शिस्त.

“भाऊ, टीव्ही चालू शे, पन चित्र अंधारं दिसस.” पॅनल गेलं का?

घाबरू नका. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका टेकवून बघा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल शाबूत आहे, बॅकलाइट गेली आहे. पट्ट्या बदलून काम होतं. ही तपासणी घरच्या घरी करता येते आणि ती केल्याशिवाय “पॅनल गेलं, नवीन टीव्ही घ्या” हे कुणाचंही ऐकू नका.

पडद्यावर टॉर्च मारल्यासारखे पांढरे गोल दिसतात.

एलईडीवरच्या प्लॅस्टिकच्या लेन्स पडल्या आहेत. लेन्स एका बारीक दिव्याचा उजेड आडवा पसरवते. गोंद उष्णतेने सुटला की ती खाली पडते आणि त्या दिव्याचा झोत सरळ डिफ्यूझरवर बसतो. टीव्ही उघडल्यावर पडलेल्या लेन्स ट्रेच्या तळाशी सापडतात, त्या पुन्हा बरोबर मध्यावर बसवता येतात. पण एक सुटली म्हणजे बाकीच्यांचा गोंदही त्याच वयाचा आहे. उघडलंच आहे तर सगळ्या लेन्स बोटाने हलवून बघा, आणि पट्ट्यांचा करंट थोडा कमी करून घ्या. उजेड जरासा कमी होईल, पण आयुष्य वाढेल.

दुरुस्तीनंतर चित्र मंद, ढगाळ किंवा जाळीसारखं दिसतंय. असं का होतं?

बहुतेक वेळा शीटचा क्रम किंवा बाजू बदललेली असते. ही तक्रार टाळता येण्यासारखी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

प्रिझमची खरखरीत बाजू पॅनलकडे असते. उलटी लागली तर उजेड समोर येण्याऐवजी बाजूंना फाकतो. दोन प्रिझम असतील तर त्यांच्या रेघा एकमेकींशी काटकोनात हव्यात. रिफ्लेक्टिव्ह पोलरायझर मागे गेला आणि त्यावर डिफ्यूझर आला, तर त्याने निवडलेली दिशा डिफ्यूझर पुन्हा विस्कटून टाकतो आणि फायदा बराच बुडतो. त्याची पास होणारी दिशा पॅनलच्या मागच्या पोलरायझरशी जुळली पाहिजे, पाव वळसा चुकला तर पडदा फारच काळवंडतो. जाळीसारख्या लाटा दिसतात त्या प्रिझमच्या रेघा आणि पिक्सेलच्या रांगा एकमेकींवर पडल्याने. वरची डिफ्यूझर शीट परत लावायची राहून गेली असेल तर त्या हमखास दिसतात.

प्रत्येक शीटच्या कडेला लहान कान आणि भोकं असतात, जी फ्रेमच्या खुंट्यांत अडकतात. कानांची जागा डाव्या-उजव्या बाजूला मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते, म्हणजे शीट एकाच पद्धतीने बसेल. घाईत खुंटीवरून कान सुटतो आणि मग कुणीतरी चिकटपट्टीने शीट चारही बाजूंनी फ्रेमला डकवतो. तसं कधीही करू नका, कारण पुढच्या उत्तरात आहे. काढतानाच पेन्सिलने कोपऱ्यावर १, २, ३ असे आकडे घाला आणि मोबाइलवर फोटो काढा. नवीन शीटच्या दोन्ही अंगांना संरक्षक पापुद्रा असतो, तो दोन्हीकडून निघाला का हे नखाने कोपरा उचलून तपासा.

आपल्या उन्हाळ्याने शीट खराब होतात का?

होतात. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि पत्र्याच्या छताखाली भिंतीवरचा टीव्ही त्याहून गरम हवेत चालतो. पुष्कळ टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते.

उष्णतेचे दोन परिणाम वेगळे ओळखा. पहिला लगेच दिसतो. पॉलिस्टायरीन किंवा अ‍ॅक्रिलिकची १ मीटर लांब प्लेट ३० अंशांनी तापली की सुमारे २ मिलिमीटर वाढते, लोखंडी ट्रे मात्र त्याच तापमानाला अर्ध्या मिलिमीटरच्याही आत वाढतो. शीट एका कडेला टांगलेली आणि बाकी मोकळी असेल तर ती वाढून सपाट राहते. चारही बाजूंनी चिकटवली तर तिला जायला जागा नसते, ती फुगते आणि पडद्यावर ढगासारखे डाग येतात. दुपारी डाग दिसतात आणि पहाटे नसतात, अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा.

दुसरा परिणाम वर्षांनी दिसतो. डिफ्यूझर प्लेट एलईडीच्या डोक्यावर पिवळी पडत जाते आणि पांढरा रंग मळकट होतो. पोलरायझर तर ताणलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या फिल्मला आयोडीन पाजून केलेला असतो. उष्णता आणि ओल दोन्ही त्याला सोसत नाहीत. त्याच्या दोन्ही बाजूंच्या ट्रायअसिटेटच्या फिल्म खूप जुन्या होऊन कुजू लागल्या की सेटमधून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. भिंत आणि टीव्ही यांत हवा खेळू द्या आणि बॅकलाइट १०० वर ठेवू नका. घरातल्या उजेडाला ५० ते ६० पुष्कळ होतात.

पोलरायझर फाटला किंवा बुडबुडे आले. फक्त तो बदलून मिळतो का?

पुढचा बदलता येतो. पण हे काम धूळ नसलेल्या जागेत आणि शांत हाताचं आहे. जुनी फिल्म एका कोपऱ्यातून हळूहळू, काचेला जवळजवळ समांतर ओढत काढायची, गोंद साफ करायचा, नवी फिल्म एका कडेपासून रबराच्या पट्टीने बसवत जायची. दिशा आधी तपासलीच पाहिजे. टीव्हीच्या पॅनलमध्ये ती सहसा आडवी किंवा उभी असते, जुन्या टीएन मॉनिटरमध्ये (हा एलसीडीचा एक प्रकार) ४५ अंशांत तिरपी. चुकीच्या दिशेने लावली तर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं. काही पॅनलमध्ये बाजूने बघताना रंग बदलू नयेत म्हणून पोलरायझरसोबतच एक भरपाईची फिल्म जोडलेली असते. बाजारातला साधा पोलरायझर लावला की समोरून चित्र ठीक दिसतं आणि बाजूने फिकट. कारागिराने हे आधीच सांगायला हवं, आणि तुम्ही विचारायला हवं.

रावेर-यावलकडे शेतात दुपारी मोबाइल दिसतच नाही. कोणता गार्ड लावावा?

घरात १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, भर उन्हात साधारण १ लाख. पडदा कितीही उजळ केला तरी काचेवरून परतणारा उजेड चित्रातलं काळं धुऊन टाकतो. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. म्हणून फोनचे कारखाने पडदा आणि वरची काच यांतली हवेची फट पारदर्शक गोंदाने भरून टाकतात. तुम्ही फक्त कडेला गोंद असलेला स्वस्त टेम्पर (काचेचा गार्ड) लावला की ती फट परत आली, म्हणजे आणखी दोन सीमा आणि आणखी ८ टक्क्यांच्या आसपास चमक. टेम्पर घ्यायचाच तर पूर्ण पृष्ठभागाला गोंद असलेला घ्या.

मॅट गार्डने सूर्याचं टोकदार प्रतिबिंब पसरतं, पण उजेड कमी होत नाही, तो पडद्यावर पसरून अक्षरं फिकट करतो. सावलीतल्या कामाला मॅट चांगला, शेतात नाही. खरा उपाय परावर्तनरोधी थराचा. काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या कमी अपवर्तनांकाच्या पदार्थाचा सुमारे १०० नॅनोमीटरचा थर दिला की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. चष्म्याच्या काचेवर हिरवी-जांभळी झाक दिसते ती याच थराची. जाइस या भिंगं बनवणाऱ्या जर्मन कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये असा थर देण्याची पद्धत बसवली.

काळा गॉगल घातला की पंपावरचा किंवा गाडीतला पडदा काळा दिसतो. बिघाड आहे का?

नाही. गॉगल पोलराइज्ड आहे आणि पडद्याच्या पोलरायझरशी आडवा येतोय. मान तिरपी करा, दिसेल.

ओएलईडी मोबाइलमध्ये बॅकलाइट नाही, मग तिथे शीट कशाला?

तिथली अडचण उलटी आहे. पिक्सेल स्वतः उजेड देतात, पण त्यांच्यामागे चकचकीत धातू असतो. उपाय केला नाही तर उन्हात फोन आरसा होईल. म्हणून वर पोलरायझर आणि त्याखाली पाव-तरंग फिल्म अशी जोडी लावतात. बाहेरचा उजेड आत जाताना गोल फिरत्या कंपनाचा होतो, धातूवर आपटून त्याचं फिरणं उलटतं, आणि परत येताना पोलरायझर त्याला अडवतो. काळं काळं दिसतं ते या जोडीमुळे. किंमत म्हणजे पिक्सेलचा स्वतःचा निम्म्याहून अधिक उजेडही त्यात जातो. सॅमसंगने २०२१ च्या गॅलेक्सी झेड फोल्ड ३ मध्ये पोलरायझर काढून त्याचं काम रंगजाळीकडून करून घेतलं ते या बचतीसाठी.

क्वांटम डॉटची शीट कापून लहान टीव्हीत बसवता येईल का?

कापू नका. या फिल्ममध्ये मागच्या निळ्या एलईडीचा उजेड घेऊन शुद्ध लाल आणि हिरवा देणारे नॅनोकण असतात (या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं). हवा आणि ओल लागली की ते मरतात, म्हणून दोन्ही बाजूंना अडसर-फिल्म असते. कात्रीने कापलेल्या कडेतून ओल आत शिरते आणि काही काळाने पडद्याच्या कडेला निळी पट्टी दिसू लागते.

सराफी दुकानात काउंटरवरचा पडदा बाजूच्या गिऱ्हाइकाला दिसू नये, असं काही?

प्रायव्हसी फिल्म मिळते. तिच्यात उभ्या, अतिशय बारीक काळ्या पट्ट्या असतात. समोरून दोन पट्ट्यांमधून दिसतं, साधारण ३० अंशांपलीकडून पट्टीच दिसते. ती फक्त डाव्या-उजव्या बाजूला काम करते, मागे उभा राहून खांद्यावरून बघणाऱ्याला सगळं दिसतं. तुमच्या बाजूचा उजेडही काही प्रमाणात घटतो.

डोळ्यांसाठी निळा प्रकाश अडवणारा गार्ड घ्यावा का?

मी ग्राहकांना तो घ्या म्हणून सांगत नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था कॉम्प्युटरसाठी निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची शिफारस करत नाही. डोळे थकतात ते टक लावून बघताना पापण्या कमी मिटल्याने. पैसे वाचवा, मधूनमधून लांब बघा.

आतल्या शीटवर धूळ किंवा मुंगी गेली. पुसायचं कशाने?

आधी ब्लोअरची हलकी हवा. डाग असेल तर मऊ मायक्रोफायबर, तेही प्रिझमच्या रेघांच्या दिशेने. थिनर आणि अ‍ॅसिटोनला हात लावू नका, प्लॅस्टिक कायमचं पांढरं पडतं. शीट नेहमी कडेने धरा. उघड्या हाताचा ठसा प्रिझमच्या खाचांत भरतो आणि पडद्यावर बोटाच्या आकाराचा डाग दिसतो.

पॅनल फुटलेला टीव्ही भंगारात देतोय. शीट काढून ठेवू का?

जरूर ठेवा, दोन शीटमध्ये साधा कागद घालून आणि सपाट. त्याच मापाच्या दुसऱ्या टीव्हीला डिफ्यूझर आणि रिफ्लेक्टर कामी येतात. शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींना पोलरायझरचे दोन तुकडे द्या. मध्ये प्लॅस्टिकची पट्टी धरली की तिच्यातल्या ताणाचे रंग दिसतात आणि मुलं ती पट्टी हातातून सोडत नाहीत.

एकच काळजी घ्या. जुन्या, जाड एलसीडी टीव्हीत एलईडी नसतात, तर पेन्सिलहून बारीक काचेच्या नळ्या असतात आणि त्यांत पारा असतो. नळी फुटली तर खिडक्या-दारं उघडून थोडा वेळ बाहेर थांबा. मग तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक भुगा ओल्या कागदाने टिपून बंद डब्यात ठेवा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, आणि तो डबा ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.